कच्ची मिश्री

८ मार्च १९६१

ती. सौ. आत्याबाई यांस,

लतिकाचा नमस्कार. तुम्ही सुखरूप आहात हे मला तुमच्या मुलाच्या पत्रांतून कळतं, तुमच्याकडून नाही. तक्रार करण्याचं माझं तोंड नाही, म्हणून करत नाही. नुसतं नोंदवलं.

पार्सल मिळालं. निपाणी सोडून मला पाच महिने झाले, माझ्या चार पत्रांना तुमची एक ओळ नाही, आणि गेल्या पंधरवड्यात पोस्टमन हे गाठोडं आणून देतो! जुन्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेलं, पत्ता मालिनीवन्संच्या अक्षरात. आत तंबाखूची पानं. मी फडकं झटकलं, शिवण उसवली, पानं एकेक वेगळी केली. चिठ्ठी नाही. सुनेशी बोलायचं नाही, पण तिची मिश्री संपत आली असेल हे बरोबर ओळखायचं, अशी सासू साऱ्या मुलखात एकटी तुम्हीच.

तुमच्या घरी सून म्हणून आले तेव्हा पहिल्याच वर्षी माझी दाढ ठणकत होती आणि तुम्ही परसात माझ्या बोटावर चिमूटभर मिश्री ठेवलीत. 'घास, रडू नको,' म्हणालात. ती सात वर्षं सुटली नाही. ह्यांना मी निघताना सांगून आले आहे की सोडली, तेव्हा हे पत्रही बाकीच्या पत्रांसारखं तांदळाच्या डब्यातच राहू द्या. (डब्याचं मला वन्संनी कळवलं. त्यांना रागावू नका.)

इथल्या कस्टमने, म्हणजे त्सोलआम्टने, पार्सलचा एक कोपरा उसवून आधी मला बोलावलं होतं. ही कसली पानं? दात घासायची असं कोणत्या तोंडाने सांगू? 'संशोधनाचे नमुने,' म्हटलं. माझं ओळखपत्र पाहून साहेबाने शिक्का मारला. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं, असं लिहिणार होते. पण तुम्ही हसाल.

भाजण्याचीच पंचाईत आहे. पहिल्यांदा विजेच्या शेगडीवर तवा ठेवला तर घरमालकीण फ्राऊ केसेल ओलं फडकं घेऊन जिना चढून आल्या. घर पेटलं असं त्यांना वाटलं. मग हाउसओर्डनुंग, म्हणजे भिंतीवर टांगलेले घरचे नियम, मला बोटाने दाखवून वाचायला लावले. आता मी पानं खोलीतल्या हायझुंगवर, त्या गरम लोखंडी नळ्यांवर, वाळवते आणि हाताने चुरते. रंग काळा येत नाही, तपकिरीच राहतो. चालवून घेते.

तुम्ही रागावलात ते योग्यच आहे. पण एवढं सांगते की जर्मनीचा अर्ज करावा ही कल्पना ह्यांची होती. मी नुसती सही केली. तीन वर्षांत डॉक्टर होऊन येईन. नाही झाले तर तुमच्या दारात कोणत्या तोंडाने उभी राहू, ते मला ठाऊक नाही.

तुमची,
लतिका

१९ ऑगस्ट १९६१

ती. सौ. आत्याबाई,

साष्टांग नमस्कार. आज पेढे वाटावेत असं पत्र आहे, पण इथे पेढे मिळत नाहीत आणि पेपरात बर्लिनच्या भिंतीखेरीज दुसरं काही नाही. तेव्हा माझा आनंद तुम्हालाच कळवते.

मी इथे काय करते ते आधी सांगते. इथे म्हणजे ऱ्हाइन नदीकाठी, ड्युसेलडॉर्फपासून गाडीने पाऊण तासावर. आमच्या संस्थेत मोठं काचघर आहे आणि त्यात तंबाखूची रोपं. हो, तंबाखूचीच! निपाणीची सून साता समुद्रापलीकडे जाऊन तंबाखूच राखते आहे. त्या रोपांना मी मुद्दाम रोग लावते. बटाट्यावर एक विषाणू पडतो, त्याचं नाव एक्स. विषाणू हा रोगाचा इतका बारीक कण असतो की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. तो स्वतः काही करत नाही. पानात शिरतो आणि त्याच्याकडून आपल्यासारखे हजारो करून घेतो. बिनबोलावता पाहुणा तुमच्या चुलीशी बसून तुमच्याच पिठाच्या भाकऱ्या थापून घेईल, तसा.

हा रोग लावायचा कसा? रोगट पानाचा रस काढायचा, नव्या पानावर बारीक खरखरीत पूड भुरभुरायची आणि रसात बुडवलेल्या बोटाने पान हलकंच घासायचं. जोर दिला तर पान फाटतं, कमी दिला तर रोग लागत नाही. इथली मुलं महिनोन्‌महिने शिकतात. माझं पहिल्याच दिवशी जमलं. प्रोफेसर लेंडर्स, माझे गुरुजी, सगळ्यांना बोलावून माझं बोट दाखवू लागले. 'हे बोट बघा,' म्हणाले, 'असा हात तीस वर्षांत पाहिला नाही. कुठे शिकलात?' काय सांगू? परसात, सासूबाईंच्या शेजारी, दातांवर? 'सवय आहे,' म्हटलं.

आणि आता खरी बातमी. माझ्या रोपांत एक्स चौपट निघतोय. जुन्या नोंदींपेक्षा चौपट! पाच वेळा मोजलं. प्रोफेसरांचं म्हणणं, माझ्या रोपांत एक्सची नवी, जोरकस जात उपजली आहे. पुढच्या फेब्रुवारीत मोठी परिषद आहे, तिथे ते ती जाहीर करणार. जो शोधतो त्याचं अक्षर अशा जातीला लावायची इथे पद्धत आहे, म्हणून तिचं नाव एक्स-एल. एल माझा. आमचे माळी हेर, म्हणजे श्रीयुत, टिलमान तोंडातला पाइप काढून म्हणाले, 'फ्राऊ लतिका, आता तुमचं नाव रोगाला लागणार!' हा माणूस फार गोड आहे. एकसष्ट वर्षांचा, पायाने जरा अधू, आणि रोपांशी बोलतो.

दुसरं पार्सल पोचलं. चिठ्ठी नव्हती. मी आता शोधतही नाही. (शोधली.)

लतिका

२१ जानेवारी १९६२

ती. सौ. आत्याबाई,

करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

डिसेंबरात मला ताप आला. आठवडाभर अंथरुणात. रोपं मात्र थांबत नाहीत, ठरल्या दिवशी रोग लावावाच लागतो. हेर टिलमान म्हणाले, मी लावतो, कुणाला सांगू नका. माळ्याने हे काम करायचं नाही असा नियम आहे. पण तीस वर्षं पाहून पाहून त्यांना सगळं येतं. मूळ बाटलीतला रस घेऊन त्यांनी वीस रोपांना लावला. मी बरी झाल्यावर त्याच बाटलीतल्या रसाने, त्याच वाफ्यातल्या दुसऱ्या वीस रोपांना मी लावला. गेल्या आठवड्यात मोजणी झाली. टिलमानांच्या रोपांत एक्स नेहमीएवढा. माझ्यात चौपट.

बाटली एक, वाफा एक, पाणी एक. फरक काय? फरक फक्त बोटाचा.

मी माझं बोट नाकाशी नेलं. तंबाखूचा वास. तंबाखूला स्वतःचा एक विषाणू असतो. निपाणीच्या शेतांत पानांवर पिवळसर ठिगळं येतात, ती त्याचीच. हा इतका चिवट असतो की वाळलेल्या पानातही वर्षानुवर्षं जगतो, विडीत जगतो, सिगारेटीत जगतो. म्हणून काचघराच्या दारावर मोठी पाटी आहे की धूम्रपान करणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत. मी ती पाटी रोज वाचते आणि रोज मनात म्हणते, मी कुठे ओढते? आणि तव्यावर भाजलेल्या तंबाखूत तो मरतो, हे मला पाठ आहे. पण माझी भाजलेली असते कुठे? नळ्यांवर वाळवलेली! पहाटे पान चुरायचं, बोटाने दात घासायचे, चूळ भरायची, पदराला हात पुसायचा आणि काचघरात जाऊन त्याच बोटाने पान घासायचं. जवळजवळ वर्षभर मी हेच करते आहे.

खात्री करून घेतली. तंबाखूची एक रानटी चुलत बहीण आहे. तंबाखूचा विषाणू तिला लागला की तीन दिवसांत पानावर तपकिरी ठिपके उठतात. एक्सने तसे उठत नाहीत. मिश्री घासून झाल्यावर मी बोट पाण्यात बुडवलं आणि ते पाणी तिच्या पानाला लावलं. चौथ्या दिवशी पान देवी आल्यासारखं झालं होतं.

म्हणजे नवी जात वगैरे काही नाही, आत्याबाई. माझ्या रोपांत दोन विषाणू आहेत. तुमच्या पानातला असा सौम्य की झाडावर त्याची खूण दिसत नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. परिषद चार आठवड्यांवर आली आहे. मी अजून कुणालाच बोललेले नाही. तुम्हालाच पहिल्यांदा लिहिते आहे, कारण तुम्ही उत्तर देत नाही.

लतिका

११ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. आत्याबाई,

मी गप्प बसले आणि त्याचं फळ दुसऱ्याच्या ताटात पडलं.

परिषदेपूर्वी शेवटची तपासणी म्हणून प्रोफेसरांनी स्वतःच माझ्या रोपांचा रस त्या रानटी झाडाला लावला. ठिपके उठले. ते लालबुंद होऊन काचघरात आले आणि थेट टिलमानांच्या पाइपाकडे बोट दाखवलं. 'तीस वर्षं सांगतोय, हात धुवा! या बाईंचं दीड वर्षाचं काम तुम्ही नासवलंत!' टिलमान माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी लावलेली वीस रोपं स्वच्छ आहेत हे माझ्या वहीत लिहिलेलं आहे. त्यांनाही ते ठाऊक आहे. पण ते सांगायचं तर आधी सांगावं लागेल की मी आजारी असताना त्यांनी माझं काम केलं, आणि त्यात माझा बोभाटा. म्हणून तो भला माणूस काही बोललाच नाही. पाइप खिशात घातला. गेल्या सोमवारपासून त्यांना काचघर बंद. बाहेर बटाट्याच्या शेतात काम, ते अधू पाय घेऊन, या थंडीत.

मीही काही बोलले नाही. हे वाक्य लिहिताना मला माझीच किळस येते.

आज रविवार. ड्युसेलडॉर्फहून आत्माराम भावजी आले होते. मूळ साताऱ्याचे, ड्युसेलडॉर्फच्या एका रसायनांच्या कारखान्यात काम करून डॉक्टरेट करतात. मला वहिनी म्हणतात आणि माझा रस्सा संपवून जातात. त्यांना सगळं सांगितलं.

'या, या, गेनाऊ,' ते मान डोलवत म्हणाले. इकडे राहून राहून त्यांच्या तोंडी हे जर्मन 'हो, हो, अगदी बरोबर' आणि 'आल्झो', म्हणजे 'तर मग', बसलंय. 'आल्झो वहिनी, प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय की! प्रोफेसरांना रीझन मिळालं, तुमचं नाव क्लीन. तुम्हाला वर एक वर्ष वाढवून देतील सिम्पथीने.'

'आणि टिलमान?'

'त्यांना थोडीच काढलंय? शेतात पाठवलंय. वहिनी, प्रॅक्टिकली बघा. तुम्ही खरं सांगितलंत तर उद्या अख्खं इन्स्टिट्यूट म्हणणार, इंडियन बाई तंबाखूने दात घासते. पुढच्या इंडियन मुलीला इथे घेतील का? आणि घरी काय सांगणार? मिश्रीपायी डिग्री गेली?'

ते गेले, आणि मी भांडी घासत विचार केला की हा मुलगा अगदी माझ्यासारखाच बोलतो आहे.

लतिका

१६ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. आत्याबाई,

सांगितलं.

सोमवारी सकाळी मिश्रीची डबी घेऊन प्रोफेसरांच्या खोलीत गेले. माझं जर्मन गडबडीत असं लंगडतं की बोलण्यापेक्षा करून दाखवणं बरं वाटलं. डबी उघडली, बोटावर चिमूट घेतली आणि त्यांच्यासमोर दात घासून दाखवले! प्रोफेसरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग वही पुढे ठेवली. टिलमानांची वीस रोपं, माझी वीस रोपं.

बराच वेळ ते वहीच वाचत होते. मग म्हणाले, 'रोज?'

'रोज सकाळी. आठ वर्षं.'

'आणि तुम्हाला कधी कळलं?'

'जानेवारीत.'

यावर ते जे बोलले ते मी लिहीत नाही. चूक केल्याबद्दल एक शब्द नाही बोलले. मी तीन आठवडे गप्प बसले, त्याबद्दल बोलले. परिषदेतला निबंध मागे घेतला. माझी सगळी मोजमापं रद्द. मग कोट चढवून बटाट्याच्या शेतात गेले, आणि मी खिडकीतून पाहिलं, टोपी काढून हातात धरून टिलमानांपुढे उभे होते. मीही मागून गेले. मी काही बोलण्याआधी टिलमानच म्हणाले, 'बरं झालं सांगितलंत. मला बटाटे आवडत नाहीत.'

दुपारी पुन्हा बोलावणं आलं. मला वाटलं, आता परतीचं तिकीट. प्रोफेसर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. मागे न वळताच म्हणाले, 'पण एक्स चौपट झाला हे तर खोटं नाही ना?'

'नाही. पाच वेळा मोजलंय.'

'मग नवी जात नव्हती, नवा शेजारी होता. एकाच पेशीत शेजारी येऊन बसला की एक्स चौपट काम करतो. का करतो?'

आत्याबाई, प्रत्येक विषाणूत त्याच्या भाकरीची कृती लिहिलेली असते, तिला जनुक म्हणतात. प्रोफेसरांचा प्रश्न असा की दुसरा विषाणू आला म्हणून पहिल्याची जनुकं जोराने काम करू लागतात का. पाहुणा नुसता जेवत नाही, शेजारच्या पाहुण्याच्या चुलीला फुंकरही घालतो! हे का होतं ते आज जगात कुणालाच धड ठाऊक नाही. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. जमलं तर डॉक्टर, नाही जमलं तर परत. वेळ तेवढाच.

आता दोन गोष्टी, आणि दोन्ही मला जड जाताहेत.

पहिली. पानं पाठवू नका. मी मिश्री सोडली, या वेळी खरोखर. उरलेली पानं प्रोफेसरांनी बाटलीत बंद करून कपाटात ठेवली. कस्टमवाल्याला सांगितलेलं खोटं खरं झालं, ते आता संशोधनाचे नमुने आहेत. पण तुमच्याकडून मला येत होतं ते एवढंच, आणि तेही मीच नको म्हणते आहे.

दुसरी. अर्ज करायची कल्पना ह्यांची नव्हती. माझी होती. जाहिरात मी कापून ठेवली होती, अर्ज मी लिहिला, आणि 'आईंना आत्ताच सांगू नका' असंही ह्यांना मीच बजावलं. पासपोर्ट घरी येईपर्यंत तुम्हाला कळू दिलं नाही. तुम्ही नाही म्हणाल याची भीती वाटली. ह्यांच्यावर राग धरू नका, त्यांचा दोष एवढाच की बायकोचं ऐकलं.

तुमची (म्हणवून घेऊ ना अजून?)
लतिका

९ डिसेंबर १९६२

ती. सौ. आत्याबाई,

साष्टांग नमस्कार. दहा महिन्यांत हे माझं सातवं पत्र. तुम्हाला कंटाळा आला असेल तर वन्संकडून कळवा, मी तरीही लिहीन.

काम छान चाललंय. मनापासून छान. एका ओळीत एक्स, दुसऱ्या ओळीत तंबाखूचा विषाणू, तिसऱ्या ओळीत दोन्ही. हात साबणाने धुते, मग दुधाने धुते. हो, दुधाने, त्याने हा विषाणू निकामी होतो! पहिल्या दिवशी टिलमान पितळी ओगराळ्याने माझ्या हातावर दूध ओतत होते आणि मला उगाच लग्न लागत असल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या ओळीत एक्स चौपट. प्रत्येक वेळी. आणि गंमत म्हणजे तंबाखूच्या विषाणूत काडीचा फरक नाही. तो तेवढाच राहतो. शेजाऱ्याचं भलं करतो आणि स्वतः होता तसाच. तो एक्सच्या दोन दिवस आधी आला तर एक्स चौपट, दोन दिवस उशिरा आला तर जेमतेम दीडपट. म्हणजे नुसतं एका झाडात असून भागत नाही. वेळेवर, एकाच चुलीशी यावं लागतं. आता यात लगेच सासू-सून शोधू नका. मी शोधून पाहिलं, जमत नाही.

संस्थेत पहिले काही दिवस कुजबुज झाली, पण आत्माराम भावजी म्हणाले होते तसं काही झालं नाही. एक मुलगी तर येऊन विचारून गेली, दात खरंच पांढरे होतात का? आत्माराम भावजी आता मला घाबरून असतात. मी त्यांच्याही प्रोफेसरला काही सांगेन अशी त्यांना धास्ती आहे.

हिरड्या दुखतात. ब्रशने दात घासल्यासारखं वाटतच नाही. पण भूक लागते, झोप येते, आणि सकाळी सायकलवरून काचघराकडे जाताना मी गुणगुणते असं टिलमान म्हणतात. ह्यांना सगळं लिहिलं. मिश्रीचं वाचून ह्यांचं उत्तर आलं, 'मला सात वर्षं माहीत होतं, तुझ्या पदराला वास यायचा.' घ्या! घरात मी कुणाला फसवत होते कोण जाणे.

पार्सल येत नाही. मीच नको म्हटलं होतं, आणि तरी पोस्टमनची सायकल दिसली की मी जिन्यात जाते. तुमची आठवण येते, आत्याबाई. रागाची सुद्धा येते.

लतिका

२६ एप्रिल १९६३

ती. सौ. आत्याबाई यांस,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. तुमचं कार्ड मिळालं.

आधी माझी बातमी उरकते, म्हणजे तुमच्यावर येता येईल. परवा तोंडी परीक्षा झाली. तिघा प्रोफेसरांनी दोन तास सोलून काढलं आणि पास केलं. तुमची सून डॉक्टर झाली. प्रबंधात तंबाखूच्या विषाणूचं मूळ कुठलं ते लिहावं लागतं. मी लिहिलं, 'निपाणी येथील घरगुती वापरातील पान, पाठवणार सौ. सुलेखा यशवंत...' थांबा, इथे मामंजींच्या जागी मी गडबडून ह्यांचंच नाव लिहून बसले होते, बायकांनी नवऱ्याचं नाव टाळायची सवय अशी ऐन वेळी सूड उगवते. खोडलं, आणि मामंजींचं नाव घालून तुमचं पूर्ण नाव लिहिलं. ते छापलं जाईल.

आता तुमचं कार्ड. अडीच वर्षांनंतर तुमचं अक्षर. वन्संचं नाही, तुमचं, पाटीवर गिरवल्यासारखं मोठं. ह्यांच्यासाठी मी त्याची नक्कल करून ठेवली आहे, आणि तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाच पुन्हा लिहून पाठवते, कारण मला ते लिहायला आवडतंय:

'लतिके, मिश्री धूर निघून संपेपर्यंत भाजायची असते, हे मी तुला शिकवलं होतं. त्या जर्मन बाईला भिऊन कच्ची ठेवलीस ही तुझी चूक. माझ्या पानाला नाव ठेवू नको. तुझ्या जाण्याचं म्हणशील तर, तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. भांडले असते. मग चार दिवसांनी हो म्हटलं असतं. ते माझे चार दिवस तू मला दिले नाहीस.'

मी हे जिन्यात उभी राहून वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. फ्राऊ केसेल बाहेर आल्या, काही वाईट बातमी का म्हणून विचारू लागल्या. मी रडत होते आणि हसतही होते, त्यांना कसं समजावणार? 'सासूबाई रागावल्या,' म्हटलं. त्या बिचाऱ्या माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या.

मला कायम वाटलं, तुम्हाला माझं जाणं नको होतं. तुम्हाला फक्त भांडायला मिळायला हवं होतं! ते मी तुमच्याकडून काढून घेतलं, आत्याबाई. माफी मागते.

आणि आता ज्यासाठी आज लिहायला बसले ते. प्रोफेसर म्हणतात, आणखी सहा महिने राहा. एका विषाणूने दुसऱ्याची जनुकं कशी चालतात, याचा धागा आत्ता कुठे हाताला लागला आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती देववत नाही, असं ते म्हणतात. मलाही राहावंसं वाटतं. खूप वाटतं, हे लपवत नाही. आणि घरी यावंसंही तेवढंच वाटतं. ह्यांना विचारलं तर ह्यांनी कळवलं, 'आईला विचार.' फॉर्म माझ्या टेबलावर आहे. सही केलेली नाही. तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्याच बोटीने निघते, आणि मनात अढी ठेवणार नाही.

आत्याबाई, राहू का?

प्रोफेसरांकडे मी वीस दिवसांची मुदत मागितली. विमानाच्या टपालाला जायला आठ, यायला आठ. ते म्हणाले, हे तर सोळाच झाले, वरचे चार कशाला? मी म्हटलं, ते माझ्या सासूबाईंचे आहेत.

लतिका